दारात गवत लावायचं तर कोणतं?

हातातलं काम चालू ठेवा, निवडायचं असेल ते निवडत बसा, फक्त कान इकडे द्या. मागच्या वेळी आपण परसबागेतल्या वेलभाज्यांवर बोललो. आजचा विषय ऐकून पुष्कळजणी हसणार आहेत. आज आपण गवताबद्दल बोलणार आहोत. उपटायच्या नाही, लावायच्या.

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हाही हसूच झालं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, माझा जन्म गेला गवत उपटण्यात. खुरपून खुरपून कंबर मोडली. आता म्हातारपणी तेच आणून दारात लावू?" यावर कुणाला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण खरंच होतं ते. दुसऱ्याच्या रानात दिवसभर उन्हात बसून जी मजुरी हातात येते, ती गवत उपटल्याचीच असते.

विषय निघाला असा. आमच्यातल्या दोघीजणी प्रशिक्षणासाठी शहरात गेल्या होत्या. तिथल्या इमारतीच्या दारात दोन्ही बाजूंनी कमरेएवढं गवत होतं आणि त्याला कोल्ह्याच्या शेपटीसारखे मऊ, जांभळट तुरे. वारा आला की सगळं एका अंगाला लवायचं. दोघींनी मोबाइलवर फोटो काढून आणले. ते बैठकीत हातोहात फिरले आणि ठरलं, की आपल्याही दारात असं काहीतरी पाहिजे. रोज दाराबाहेर पाऊल टाकलं की दिसतं काय, तर उखडलेलं अंगण आणि मोरीचा चिखल. जरा डोळ्यांना बरं दिसेल असं काही लावावं, यात वाईट काय?

मग आम्ही चूक केली. ती आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. तालुक्याच्या रोपवाटिकेत जाऊन आम्ही फोटो दाखवला आणि म्हणालो, हेच द्या. 120 रुपयांना एक, अशी बारा रोपं आणली. पैसे प्रत्येकीने घरखर्चातून वाचवलेले. त्यातली सात रोपं शिमग्यापर्यंत वाळली. कुणी सावलीत लावली होती, कुणी रोज पाणी घालून कुजवली. चार कशीबशी तगली. आणि एक इतकं फोफावलं की पुढच्या पावसाळ्यात घरापासून ओढ्यापर्यंत त्याची पिल्लं उगवली. तुऱ्याचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्यावर उडतं, शेळ्यांच्या केसांना चिकटून जातं. शेजारच्यांनी दारात येऊन विचारलं, "हे कुठलं नवीन तण आणलंत?" शेवटी आमच्याच गटाने एक दिवस घालून ते सगळं खुरपून काढलं. त्या दिवशी मावशी काही बोलल्या नाहीत. नुसत्या हसल्या.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की या गवताला फाउंटन गवत म्हणतात. मूळचं आफ्रिकेकडचं. हवाई बेटांवर ते रानोमाळ पसरलं आणि वाळल्यावर तिथले वणवे वाढले. युरोपातल्या देशांनी त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपल्याला दूरचं उदाहरण कशाला हवं? गाजरगवत आहेच की. 1955 च्या सुमाराला पुण्यात त्याची पहिली नोंद झाली, परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात, आणि आज राज्यात त्याच्याशिवाय बांध सापडत नाही. म्हणून आमच्या गटाने एक नियम केला. ज्याचं बी वाऱ्यावर उडतं आणि ज्याची आपल्याला ओळख नाही, ते गवत कितीही देखणं असलं तरी दारात आणायचं नाही.

आता गाजरगवताचं नाव निघालं म्हणून सांगतो, ते नावालाच गवत. खरं तर ते सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. लव्हाळाही गवत नाही. दोन्ही ओळखायला सोपं आहे. काडी बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. गोल आणि पेरं असलेली लागली तर गवत. ज्वारीचं ताट आठवा, तसंच. ज्वारी, बाजरी, गहू, भात, मका, ऊस ही सगळी गवतंच आहेत. बांबूसुद्धा गवतच. कायद्याने मात्र त्याला बरीच वर्षं झाड धरलं होतं. 2017 साली कायदा बदलला, तेव्हा कुठे आपल्या रानात लावलेला बांबू झाडांच्या यादीतून सुटला.

गवताची एक गोष्ट समजून घेतली की निम्मं काम होतं. वांग्याचा किंवा तुळशीचा शेंडा खुडला की झाडाची वाढ तिथे थांबते, मग ते बाजूला फुटतं. गवताचा वाढीचा कोंब शेंड्याला नसतो, तो खाली मातीलगत असतो. म्हणून शेळीने वरून खाल्लं, विळ्याने कापलं, तरी ते परत येतं. आणि म्हणूनच रानात नुसतं वरवर ओढून हरळी मरत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. शोभेसाठी लावताना हीच खोड आपल्या उपयोगाची. कापायला घाबरायचं नाही, पण बुडखा सांभाळायचा. बुडखा मातीत खोल गाडला किंवा तिथे पाणी तुंबलं की गवत कुजतं. आमची रोपं मेली ती अशीच.

गवत निवडताना रोपवाटिकेत जायच्या आधी स्वतःच्या दारात उभं राहायचं. ऊन किती वेळ पडतं ते बघायचं. बहुतेक गवतांना दिवसाचं पाच-सहा तास ऊन लागतं. कडुनिंबाच्या दाट सावलीत गवत मागू नका. तिथे रोपवाटिकेतली पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची स्पायडर प्लांटची रोपं लावा. लोक त्यालाही गवत म्हणतात, पण पावसाळ्यात आपण डोंगरावरून फोडशीची भाजी आणतो ना, तिच्या जातीचं ते आहे. सावलीत छान राहतं. मग बघायचं, पाणी कुठून मिळणार. आपल्या माणदेशात प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथे शोभेच्या झाडाला हंडा कोण ओतणार? म्हणून जे मोरीच्या पाण्यावर जगेल तेच आपलं. आणि शेवटी, त्या जागी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवायचं. नुसतं दिसायला हवंय, माती धरायला हवंय, आडोसा हवाय, की चहात टाकायला हवंय?

मावशींच्या घराचा प्रश्न मातीचा होता. त्यांचं घर उतारावर. पावसाळ्यात वरच्या अंगाने पाण्याचा लोंढा यायचा आणि जोत्याखालची माती घेऊन जायचा. दर वर्षी दगड रचायचे, दर वर्षी ते ढासळायचे. जोत्याचा एक कोपरा उघडा पडला होता. गवंड्याने सांगितलेला भिंतीचा खर्च त्यांच्या आवाक्यात नव्हता, आणि गटाचं आधीचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. बैठकीत यावर बोलणं चाललं असताना त्यांना स्वतःलाच आठवलं, की माहेरच्या जुन्या विहिरीच्या कडेला वाळा आहे आणि त्या कडेची माती कधी ढासळलेली पाहिली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या माहेरी गेल्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळून वाळ्याचा एक मोठा ठोंब घेऊन आल्या. एसटीच्या कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं, ते सांगताना अजून त्यांचा राग जात नाही.

वाळा म्हणजे तोच, ज्याच्या मुळ्या उन्हाळ्यात माठात टाकतो. बहुतेकींनी मुळ्याच पाहिलेल्या, झाड पाहिलेलं नसतं. वरून ते उंच, सरळ, हिरवंगार गवत दिसतं, पुरुषभर वाढतं आणि टोकाला वाकतं. आमच्या मते फोटोतल्या त्या गवतापेक्षा हे देखणं आहे, फक्त तुरा तेवढा मऊ नाही, जांभळट-तपकिरी असतो. याची खरी करामत जमिनीखाली. मुळ्या आडव्या पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगली माती मिळाली तर दोन-तीन मीटर खोल. त्यामुळे शेजारच्या मेथीचं किंवा गुलाबाचं पाणी हे चोरत नाही. ठोंब जागच्या जागी जाड होतो, हरळीसारखा धावत सुटत नाही. कर्नाटकात म्हैसूरकडचे शेतकरी कितीतरी वर्षांपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत, कारण ही हद्द सरकत नाही. भाऊबंदकीत बांध कोरणं काय असतं हे माहीत असलेल्यांना याचं मोल कळेल.

लावायची पद्धत नीट ऐका, कारण वाळा चुकीचा लावला तर उपयोग होत नाही. ठोंब उपटला की त्याचे फुटवे हाताने वेगळे करायचे. वरची पात एक वीत ठेवून कापायची, मुळ्याही बोटभर ठेवून छाटायच्या. ओळ उताराला आडवी घ्यायची, उताराबरोबर खाली नाही. आडवी रेघ डोळ्यांनी नीट कळत नाही, म्हणून आम्ही गवंड्याची पाण्याची नळी मागून आणली आणि दोन्ही टोकांचं पाणी जुळवत चुन्याची रेघ मारली. त्या रेघेवर वीतभर खोल चर खणून थोडं शेणखत मिसळलं, आणि अर्ध्या वितीवर, म्हणजे 10 ते 15 सेंटीमीटरवर, दोन-दोन तीन-तीन फुटवे एकत्र लावले. पायाने माती घट्ट दाबली. पहिले तीन आठवडे ओल मोडू दिली नाही. नंतर मोरीच्या पाण्याचा एक दांड तिकडे काढला.

ओळीत एखादं रोप मेलं तर लगेच दुसरं लावायचं. याच्यात आळस करू नका. सगळी ओळ दाट असेल तर पाणी अडतं, पसरतं, गाळ मागे ठेवून हळूहळू पाझरतं. मध्ये एक फट राहिली की सगळं पाणी त्या फटीतून जोरात जातं आणि तिथेच घळ पडते. न लावलेलं परवडलं, असं होतं. मावशींच्या ओळीत पहिल्या वर्षी अशा दोन फटी पडल्या होत्या. त्या वर्षी माती गेलीच, आणि पोराने ऐकवलंही, "भिंत बांधायची सोडून गवत लावलं." त्यांनी फटी भरल्या. दुसऱ्या पावसाळ्यात परतीचा पाऊस एका रात्रीत धो धो पडला, तेव्हा सकाळी आम्ही दोघी-तिघी मुद्दाम बघायला गेलो. ओळीच्या वरच्या अंगाला चार बोटं गाळ साचला होता आणि जोत्याचा कोपरा जसाच्या तसा होता. गवताने पक्की भिंत होत नाही, हे आम्ही मान्य करतो. जिथे ओढाच घरात शिरतो तिथे दगड-सिमेंटच लागेल. पण अंगणाच्या उताराला हे पुरतं.

एक मोह टाळा. मुळ्यांना बाजारात भाव आहे म्हणून ही ओळ खणू नका. खणली की माती मोकळी झालीच. मुळ्या विकायच्या किंवा माठासाठी हव्या असतील तर दोन-तीन फुटवे वाळूमिश्रित माती भरलेल्या गोणीत वेगळे लावा. दीड वर्षाने गोणी उभी फाडली की मुळ्या न तुटता हातात येतात. धुऊन, सावलीत वाळवून, फडक्यात बांधून माठात सोडायच्या.

आता आडोशाचं सांगतो. हे बोलायला जरा अवघड आहे, पण बायकांच्या रेडिओवर नाही बोलायचं तर कुठे बोलायचं? आमच्या गटातल्या एका घरात न्हाणीला तीनच भिंती होत्या. चौथ्या बाजूला रस्ता. त्या घरची सून पहाटे चारला उठून अंधारात आंघोळ उरकायची. पाळीच्या दिवसांत तर जास्तच हाल. साडी बांधून पडदा केला होता, पण वाऱ्याने उडायचा. दाराची चौकट आणि पत्रा करायचं म्हणून दोन वर्षं नुसतं ठरत होतं. बैठकीत तिने एकदाच, तेही खाली बघत, विचारलं, "वैनी, ते गवत उंच किती वाढतं?"

तिथे आम्ही दोन गवतं लावली. बाहेरच्या बाजूला चाऱ्याचं संकरित नेपियर, ज्याला आपण हत्तीगवत म्हणतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत हा वाण पुष्कळ गोठेवाल्यांकडे असतो, कांडी कुणीही देतं. दोन-तीन डोळ्यांची कांडी उन्हाळ्याच्या शेवटी तिरपी खोचायची. मोरीचं पाणी मिळालं तर तीन महिन्यांत डोक्याच्या वर जातं. पण हे गवत कापावं लागतं, नाहीतर जून होतं, जनावरं तोंड लावत नाहीत आणि आडवं पडतं. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढे दीड-दोन महिन्यांनी. आणि कापलं की आडोसा गेला! म्हणून दोन ओळी लावल्या. एक कापायची तेव्हा दुसरी उभी. आतल्या बाजूला वाळा, तो कापायची घाई नसते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाळा दाट झाला आणि मग नेपियरवर विसंबायची गरज उरली नाही. ती सून आता सहाला उठते. तिच्या आत्याबाईंचं म्हणणं निराळंच आहे, त्या म्हणतात शेळ्यांना हिरवं मिळालं हे बरं झालं. नेपियरच्या पातीवर बारीक लव असते, कापताना हातांना खाज सुटते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला.

आडोशाचं चाललं होतं तेव्हा तिच्या नवऱ्याची एकच तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. गवत वाढलं की साप येणार. गवती चहाच्या वासाने किंवा वाळ्याने साप येत नाही असं लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागे आणि थंड, अडगळीच्या जागेला. म्हणून गवताचा ठोंब दाराला, खिडकीला किंवा झोपायच्या जागेला खेटून लावायचा नाही, चार-पाच हात लांब. बुडाशी वाळलेली पात साचू द्यायची नाही, खालचा वीतभर भाग उघडा आणि स्वच्छ ठेवायचा. जळणाचा ढीग, कोंबड्यांचं खुराडं गवताजवळ नको. अंधारात ठोंबात हात घालायचा नाही, कापायच्या आधी काठीने हलवायचं. आणि कुणाला चावलाच तर चिरा, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला सरळ सरकारी रुग्णालयात न्या. विषावरचं औषध तिथेच मिळतं.

गवती चहा बहुतेकींच्या दारात आहेच, तरी दोन गोष्टी. तो नुसता कोपऱ्यात मोरीच्या तोंडाशी कुजत ठेवू नका. अंगणाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन वितींवर लावला तर वर्षभरात असा गोल, भरगच्च होतो की फोटोतलं गवत विसराल. जाता-येता पदर घासला की वास येतो. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, तेव्हा कुंपणाची कटकट कमी. कापताना बुडापासून चार-सहा बोटं ठेवून कापा. पातीची धार बोट चिरते, पोरांना सांगून ठेवा. दुसरी गोष्ट फसवणुकीची. अगदी तसंच दिसणारं सिट्रोनेला नावाचं गवत असतं, त्याचा बुडखा लालसर असतो. ते तेलासाठी लावतात, चहात घालायचं नाही. रोप घेताना बुडखा बघा आणि पात चुरगळून वास घ्या. आपल्या चहाचा वास लिंबासारखा स्वच्छ येतो. आणि गवती चहा दारात असला की डास येत नाहीत, हेही तितकंसं खरं नाही. पात चुरगळल्याशिवाय त्यातलं तेल बाहेरच येत नाही. डासांसाठी साचलेलं पाणी काढा.

डोंगराकडेच्या गावांतल्या मैत्रिणींनी रोशा गवताचा विचार करावा. काही ठिकाणी त्याला तिखाडी म्हणतात. दिवाळीनंतर त्याचे तुरे तांबूस होतात आणि हातात चोळले तर गुलाबासारखा वास येतो. खानदेशात पूर्वी भट्ट्या लावून याचं तेल काढायचे. खडकाळ, हलक्या जमिनीत, कमी पाण्यात येतं. तुरे कापून वाळवले तर मडक्यात महिनोन्महिने राहतात, लग्नाच्या मांडवात आम्ही तेच लावले होते. बी मात्र पडतं, म्हणून तुरे पिकायच्या आत कापलेले बरे. वनखात्याच्या कुरणातून उपटून आणू नका, एखाद्या बांधावर असेल तर मालकाला विचारून चार फुटवे घ्या.

कुसळी गवत चुकूनही नको. उन्हात सोनेरी दिसतं, मोह होतो, पण त्याची कुसळं पीळ घेत कपड्यात आणि शेळी-मेंढीच्या कातडीत घुसतात. ज्यांच्याकडे मेंढरं आहेत त्यांना हे सांगायला नको.

आणि दूर्वा. रानात दिसली की आपण तिला हरळी म्हणून शिव्या देतो, आणि गणपतीत तिचीच एकवीस काड्यांची जुडी शोधत बांधाबांधाने फिरतो. झाड एकच. दारात दूर्वा हव्याच असतील तर जमिनीत नको, जमिनीखालून धावत जाऊन भाजीच्या वाफ्यात निघेल. रंगाची जुनी बादली घ्या, बुडाला पाच-सहा भोकं पाडा, त्यात लावा आणि बादली दगडावर ठेवा, म्हणजे भोकातून मुळ्या खाली उतरणार नाहीत. कोवळ्या काड्या हव्या असतील तर चतुर्थीच्या तीन आठवडे आधी एकदा कापून घ्या. आमच्या दोघी-तिघींनी गणपतीच्या दिवसांत बाजारच्या गावी जुड्या विकल्या. फार नाही, पण एसटीचं भाडं सुटून वर पैसे राहिले. बादलीत माती भरताना लव्हाळ्याच्या रानातली घेऊ नका, नाहीतर दूर्वांच्या जागी लव्हाळाच वाढवाल.

देखभालीला फार लागत नाही. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, घमेलंभर शेणखत बुडाभोवती पुरे. युरिया टाकू नका. जास्त लाड केलेलं गवत ताठ राहत नाही, लोळतं. थंडीत पात वाळून सोनेरी होते, ती संक्रांतीपर्यंत राहू द्या, छान दिसते. पण होळीच्या आत कापा. उन्हाळ्यात चुलीची एक ठिणगी पुरते, आणि घराशेजारी वाळलेलं गवत ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. कापलेली पात जाळू नका, वांग्या-मिरचीच्या बुडाशी अंथरा, ओल टिकते. तीन-चार वर्षांनी ठोंबाच्या मध्ये वाळकं, पोकळ दिसायला लागतं. तेव्हा पहारीने तो उपटून मधला भाग टाकून द्या आणि कडेचे ताजे फुटवे नव्याने लावा. बाकीचे वाटून टाका.

लावायची वेळ कोणती, हे सगळ्याजणी विचारतात. पुस्तकात मृग लिहिलेला असतो. आपल्याकडे मृगाचा भरवसा नाही, हे तुम्ही जाणता. मोरीचं पाणी मिळत असेल तर मृगात लावा. नसेल तर वीतभर ओल जाईल असा एक पाऊस होऊ द्या, मग तो आर्द्रात होवो की उत्तरात. काढलेले फुटवे ओल्या पोत्यात सावलीत ठेवले तर तीन-चार दिवस चांगले राहतात.

मावशींची ओळ यंदा मोकळी करायची आहे, आणि न्हाणीमागचा वाळाही दाट झाला आहे. पहिला चांगला पाऊस झाला की त्यानंतरच्या मासिक बैठकीत आम्ही फुटवे वाटणार आहोत, पैसे नाहीत. ज्यांना हवेत त्यांनी आपल्या गटाच्या सचिवताईंकडे नाव द्या, ओळ किती हात लांब आहे ते मोजून सांगा, आणि येताना ओलं पोतं व सुतळी घेऊन या.